गिअर कोणासाठी?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा हा भारतीय वाहनउद्योगाचा बालेकिल्ला मानला जातो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने शेतजमिनी संपादन करून कारखान्यांना वाट करून दिली. आकुर्डीला स्कूटर, पिंपरीला मालमोटारी, भोसरीला सुटे भाग आणि पुढे चाकणला परदेशी कंपन्यांच्या मोटारी, असा हा विस्तार झाला. गेल्या शतकाच्या अखेरीस मुळशी तालुक्यातील हिंजवडीच्या शेतांत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आले. टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी या कंपन्यांची मुख्यालये तेथेच आहेत. जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी वाहनांचे आराखडे आणि ती चालविणारी संगणकीय आज्ञावली हिंजवडीत बसून तयार होते.

या इमारतींच्या फरशा पुसणारा, फाटकावर रात्रपाळी करणारा आणि उपाहारगृहात भांडी घासणारा कामगार मात्र आजही कित्येकदा सायकलवरून येतो. माण, मारुंजी, थेरगाव किंवा काळेवाडीच्या भाड्याच्या खोलीतून तो निघतो, आठ-दहा किलोमीटर पॅडल मारतो आणि बारा तासांच्या पाळीनंतर तेवढेच अंतर परत जातो. अभियंत्यासाठी कंपनीची बस असते; कंत्राटदाराच्या माणसासाठी ती बहुधा नसते. २०११ च्या जनगणनेने शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामगारांच्या रोजच्या प्रवासाची नोंद प्रथमच घेतली. त्या नोंदीनुसार देशातील अशा दर आठ कामगारांपैकी सुमारे एक सायकलवर कामाला जात होता, आणि पायी जाणारे त्याहूनही अधिक होते.

ज्या पट्ट्यात वाहनांच्या गिअरबॉक्सचे इतके ज्ञान साठले आहे, तेथे या माणसाच्या साध्या सायकलीला लावता येईल, त्याला परवडेल आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त होईल असा मोटार-गिअरचा संच का तयार होऊ नये? प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा दिसतो. प्रत्यक्षात तो अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याहीपेक्षा सत्तेचा आहे.

मोटारीला गिअर कशाला हवा?

यंत्रशास्त्राचा भाग प्रथम समजून घेतला पाहिजे, कारण राजकारणही त्यातूनच निघते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची विजेची मोटार असलेली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी पॅडलची सायकल, वजन, ब्रेक आदी इतर अटी पाळल्यास, मोटार वाहन गणली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. गरिबाच्या दृष्टीने ही मोलाची सवलत आहे. परंतु तिची एक किंमत आहे: मोटार लहानच ठेवावी लागते.

लहान मोटारीचे दुःख सपाट रस्त्यावर कळत नाही, चढावर कळते. सायकल, स्वार आणि त्याचा डबा-पिशवी मिळून १२० किलो वजन धरू. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हे वजन वर नेण्यासाठी सुमारे ८२ न्यूटन जोर लागतो. मोटारीचे जवळजवळ २५० वॅट, त्यातून चेनमधील घट वजा, आणि स्वाराच्या पायांचे ७५ वॅट, असे मिळून चाकाशी ३०० वॅट पोहोचले, तर सायकल ताशी साधारण १३ किलोमीटरने चढेल. कष्टकऱ्याच्या दृष्टीने हा वेग उत्तम आहे. पण तो मिळण्यासाठी मोटारीला त्या वेळी तिची पूर्ण शक्ती देता आली पाहिजे.

अडचण नेमकी येथे आहे. बाजारातील बहुसंख्य स्वस्त संचांत मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये बसविलेली असते. चाक जितके फिरेल त्याच प्रमाणात ती फिरते. ताशी २५ किलोमीटरसाठी बेतलेली अशी मोटार १३ किलोमीटरच्या वेगात निम्म्या फेऱ्यांवर येते. तेवढीच शक्ती द्यायची तर तिला जवळजवळ दुप्पट विद्युतप्रवाह ओढावा लागतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती तिप्पट-साडेतीनपट होते. मोटार तापते, बॅटरी लवकर रिकामी होते आणि चढ पुन्हा पायांवर येऊन पडतो. अशा पुष्कळ सायकलींना सात गिअर असतात हे खरे. पण ते पॅडलच्या चेनवर असतात. गिअर पायांसाठी असतात, मोटारीसाठी नसतात.

यावर उपाय नवा नाही. मोटार हबमध्ये न ठेवता पॅडलच्या धुरेजवळ बसवायची आणि तिची शक्ती सायकलीच्या चेनमधूनच मागच्या गिअरकडे न्यायची. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम येथील स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब १९०२ पासून जगाला माहीत आहे. त्याच्या प्रचलित नमुन्यात खालच्या आणि वरच्या गिअरमधील अंतर सुमारे पावणेदोन पट असते. म्हणजे वरच्या गिअरमध्ये ताशी २४ किलोमीटरला मोटार ज्या सुखाच्या फेऱ्यांवर चालते, त्याच फेऱ्यांवर ती खालच्या गिअरमध्ये साडेतेरा किलोमीटरने चढ चढते. वर काढलेल्या हिशेबाशी हा आकडा जवळजवळ तंतोतंत जुळतो. अवघे तीन गिअर लहान मोटारीचे लहानपण झाकू शकतात.

अडचणी नाहीत असे नाही. मोटार चालू असताना पॅडल आपोआप फिरून पायावर आदळू नये म्हणून धुरेवर वेगळे फ्रीव्हील लागते. मोटारीचा जोर चालू असताना गिअर बदलला तर दाते झिजतात, चेन तुटते. म्हणून गिअर बदलताना क्षणभर मोटार बंद करणारी सोय लागते. मोटारीच्या वेगवान फेऱ्या कमी करणारे छोटे गिअर नीट उष्णतासंस्कार केलेल्या पोलादाचे हवेत. यांपैकी कोणतीही गोष्ट भोसरीच्या कुशल टर्नर-फिटरच्या आवाक्याबाहेरची नाही.

इतिहासाची साक्ष

दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या इटलीत पेट्रोल महाग होते, मोटार घेणे कामगाराच्या स्वप्नातही नव्हते. त्या काळात तूरिन शहरात सायकलीला जोडण्याचे ४८ घनसेंटिमीटरचे एक इंजिन तयार झाले आणि १९४६ पासून दुकाती कंपनीने ते बनविले. त्याच्या धुराड्याचा आवाज कुत्र्याच्या पिलासारखा, म्हणून त्याचे नाव कुच्चोलो, म्हणजे पिल्लू. या पिलाला दोन गिअर होते. इटलीच्या कामगाराला त्याने पायांवर उभे केले, आणि दुकातीलाही. ती कंपनी आज श्रीमंतांच्या महागड्या मोटारसायकलींसाठी ओळखली जाते.

पुण्याची कथाही फारशी वेगळी नाही. १९७२ साली एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर बेतलेली ५० घनसेंटिमीटरची लूना आणली. शिक्षक, कारकून, पोस्टमन आणि शाळेत जाणाऱ्या मुली यांना तिने स्वयंचलित वाहन दिले. पण लूनाला बदलता गिअर नव्हता. चढ आला की पॅडल मारायचे हे सर्वांना पाठ होते. आकुर्डीच्या बजाजने १९८० च्या दशकात डाव्या मुठीने गिअर बदलण्याची एम-५० आणि एम-८० ही वाहने काढली, तेव्हा दूधवाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी ती उचलून धरली. कॅन लटकवून चढ चढायचा तर गिअर लागतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. म्हणजे लहान इंजिनाला गिअर जोडण्याची विद्या या पट्ट्यात चाळीस वर्षांपूर्वीच अवगत झाली होती. ती हरवली नाही; तिचे गिऱ्हाईक बदलले.

मालकी की भाडे?

आज वाहनांचे विद्युतीकरण सरकारी तिजोरीच्या जोरावर चालले आहे. २०१९ साली केंद्राने ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी १०,००० कोटी रुपये ठेवले. २०२४ साली तिच्या जागी ‘पीएम ई-ड्राइव्ह’ आली, तिची तरतूद १०,९०० कोटींची. या पैशातून विजेच्या स्कूटरला बॅटरीच्या आकारानुसार अनुदान मिळाले. जितकी बॅटरी मोठी तितके, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, अनुदान अधिक. परवान्याविना चालणाऱ्या विजेच्या सायकलीला या योजनांत स्थान मिळाले नाही. दिल्ली सरकारने २०२२ साली आपल्या तिजोरीतून पहिल्या दहा हजार विद्युत-सायकलींना प्रत्येकी ५,५०० रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले, म्हणजे हे अशक्य नव्हते. लाख रुपयांची स्कूटर घेऊ शकणाऱ्यास मदत आणि जुन्या सायकलीला संच बसवू पाहणाऱ्यास काहीच नाही, अशा नियोजनाला गरिबी हटविणारे नियोजन कोण म्हणेल?

दुसरी घटना अधिक विचार करायला लावणारी आहे. बजाज ऑटोने २०१९ साली यूलू या भाड्याने वाहने देणाऱ्या कंपनीत गुंतवणूक केली, आणि २०२३ पासून यूलूची नवी वाहने बजाजची उपकंपनी चेतक टेक्नॉलॉजी तयार करू लागली. ही वाहने ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतील, परवाना नको असलेली. त्यांतील एक नमुना खास घरपोच माल पोहोचविणाऱ्यांसाठी आहे. पोरगा गावाहून येतो, भ्रमणध्वनीवर वाहन भाड्याने घेतो आणि भ्रमणध्वनीवरच्याच कंपनीचे जेवण पोहोचवितो. गाडी त्याची नाही, काम त्याचे नाही, ग्राहकही त्याचा नाही. त्याचे म्हणावे असे फक्त पाय आणि वेळ, आणि त्यांचेही मोल दुसराच ठरवितो. उत्पादनाच्या साधनापासून कष्टकऱ्याला तोडणे ही भांडवलशाहीची जुनी रीत. आता कामावर पोहोचण्याच्या साधनापासूनही त्याला तोडले जात आहे. स्वतःच्या सायकलीवर स्वतःच्या मालकीचा संच असणे, ही या परिस्थितीत बारीकशी पण खरीखुरी स्वतंत्रता आहे.

बाजार असा संच आपणहून का देत नाही, हेही स्पष्ट आहे. संपूर्ण सायकल विकण्यात नफा अधिक असतो. रावेतला कारखाना असलेल्या ई-मोटोरॅडसारख्या कंपन्यांनी विजेच्या सायकली लोकप्रिय केल्या, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः मध्यमवर्गीय आहे. धुरेवर बसणारे मोटारसंच चीनच्या बाफांगसारख्या कंपन्यांकडून येतात, आणि गिअरच्या बाजारावर जपानच्या शिमानोची पकड आहे. बिघडले तर सुटा भाग परदेशातून यायचा. चाळीस रुपयांत पंक्चर काढणाऱ्या दुकानदाराला त्या बंद डब्यात हात घालता येत नाही.

भोसरीच्या लेथवरचा प्रश्न

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती कामगार संघटनांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. विजेच्या स्कूटरला इंजिन नसते आणि बहुधा बदलते गिअरही नसतात. पिस्टन, क्रँक, क्लच आणि गिअरचे दाते यांवर ज्यांचा संसार चालतो अशी शेकडो छोटी वर्कशॉप भोसरी, तळवडे आणि चिंचवडच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. मोठ्या कारखान्याचे जॉबवर्क कमी झाले की तेथील दोन लेथ आणि एक हॉबिंग यंत्र यांना कुलूप लागते. पंधरा माणसे घरी बसतात, आणि त्या पंधरांची बातमी कोठल्याही वर्तमानपत्रात येत नाही. संघटित कामगाराला निदान स्वेच्छानिवृत्तीचा कागद तरी मिळतो.

सायकलीचा गिअरसंच या वर्कशॉपांना नेमके तेच काम देऊ शकतो जे त्यांना उत्तम येते: छोटे गिअर कापणे, धुरा घासणे, फ्रीव्हील जुळविणे. चढावर घाम गाळणारा हिंजवडीचा कामगार आणि कामाविना बसलेला भोसरीचा टर्नर ही एकाच कोड्याची दोन टोके आहेत. खाजगी बाजार ती जोडत नाही, कारण दोन्ही टोकांना पैसा कमी आहे. ती जोडणे हे सार्वजनिक नियोजनाचे काम आहे.

समाजवादी विचाराला हा मार्ग परका नाही. १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोघांनीही एकच अवजड यंत्रविद्या शिरोधार्य मानली, अशी त्यांची टीका होती. त्याआधी, १९२९ साली, गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. चरख्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, कातणाऱ्या बाईला तो आठ तास फार न थकता चालविता यावा, तो वीस वर्षे टिकावा, अशा त्याच्या अटी होत्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही त्यासाठी यंत्र तयार केले. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण यंत्राच्या अटी वापरणाऱ्याच्या गरजेवरून ठरवाव्यात, हा धडा त्यातून मिळाला. आजवर वाहनांच्या अटी बाजार ठरवीत आला. सायकलसंचाच्या अटी एकदा कामगाराने ठरवून पाहाव्यात.

आक्षेप

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की खरा उपाय सार्वजनिक वाहतूक हा आहे. हा आक्षेप योग्यच आहे. पीएमपीच्या बसगाड्या वाढल्या पाहिजेत, पाळीच्या वेळांना त्या फाटकापर्यंत आल्या पाहिजेत, आणि कंत्राटी कामगारालाही कंपनीच्या बसमध्ये बसण्याचा हक्क मिळाला पाहिजे. सायकलसंच देऊन मालकांना या जबाबदारीतून मोकळे करणे हा कामगारांचा विश्वासघात ठरेल. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालेल्या हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसारख्या योजनाही माणूस स्थानकापर्यंतच नेऊ शकतात. चाकणच्या खराबवाडी किंवा निघोजे गावातील खोलीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर सायकलीलाच उचलावे लागतात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. चाकण-तळेगाव रस्त्यावर मालमोटारींच्या रांगांत सायकल चालविणे म्हणजे जीव मुठीत धरणे होय. त्यावर उत्तर सायकल सोडून देणे हे नसून सायकलीला रस्ता देणे हे आहे. औद्योगिक विकास महामंडळ कारखान्यांसाठी वीस-चाळीस मीटर रुंदीचे रस्ते आखू शकते, तर त्यांच्या कडेला दोन मीटर कामगारासाठी का नाही? बॅटरीच्या सुरक्षिततेचा मुद्दाही गंभीर आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच विजेची एक स्कूटर रस्त्याकडेला पेटली होती, आणि त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्राला बॅटरीचे मानक कडक करावे लागले. स्वस्त संच म्हणजे हलकी बॅटरी असा अर्थ मुळीच होता कामा नये. गरिबाच्या खोलीत बॅटरी उशाशी चार्ज होते, आणि त्या खोलीला दुसरे दार नसते.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. सायकल ही मागासलेपणाची खूण आहे, असे कामगाराच्या मुलालाही वाटते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात ही भावना रुजावी, याचा दोष त्या मुलाला देता येणार नाही. ज्या वाहनासाठी रस्ता नाही, अनुदान नाही आणि कारखान्याच्या फाटकात जागा नाही, त्याला प्रतिष्ठा कोठून येणार?

काय करता येईल?

पहिले काम आराखड्याचे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचे आहे. औंधला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यातच आहे. या संस्थांनी मिळून तीन गिअरच्या संचाचा आराखडा करावा आणि तो कोणाच्याही एकस्वाखाली न ठेवता सर्वांसाठी खुला ठेवावा. चाचणीचा खर्च छोट्या वर्कशॉपला झेपत नाही. तो राज्य शासनाने एकदाच, सर्वांसाठी उचलावा. साध्या काळ्या सायकलीला तिची चौकट न कापता संच बसावा. कोणताही सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळावा. किंमत कंत्राटी कामगाराच्या एका महिन्याच्या वेतनाहून कमी असावी. या तीन अटी कागदावर पक्क्या हव्यात.

दुसरे काम उत्पादनाचे. भोसरीच्या वर्कशॉपांची औद्योगिक सहकारी संस्था उभी राहिली तर एकाने गिअर कापावेत, दुसऱ्याने धुरा कराव्यात, तिसऱ्याने जोडणी करावी, अशी वाटणी शक्य आहे. तैवानमध्ये २००३ साली मोठ्या सायकल कंपन्या आणि सुट्या भागांचे उत्पादक एका संघात एकत्र आले आणि चीनच्या स्वस्त मालापुढे त्यांनी आपला धंदा टिकविला. महाराष्ट्राला तर त्यासाठी तैवानपर्यंत जाण्याचीही गरज नाही. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना १९५० साली सुरू करून दाखविला. सहकाराचे पुढे काय झाले याची खंत वेगळी. पण तंत्र आणि भांडवल सामान्यांच्या हाती येऊ शकते, हे तेथे सिद्ध झाले.

तिसरे काम मागणीचे. पिंपरी-चिंचवड महापालिका, जिल्हा परिषद आणि औद्योगिक विकास महामंडळ यांनी सफाई कामगार, आरोग्यसेविका आणि पोस्टमन यांच्यासाठी पहिले काही हजार संच खरेदी करण्याची हमी दिली, तर सहकारी संस्थेला बँकेचे कर्जही मिळेल.

कार्यकर्त्यांचे काम याही आधी सुरू होते. हिंजवडीच्या तिन्ही टप्प्यांच्या आणि चाकणच्या फाटकांवर सकाळच्या पाळीला उभे राहून किती माणसे सायकलने येतात, किती अंतरावरून येतात आणि प्रवासावर महिन्याला किती खर्च करतात, याची वही भरावी. भोसरीच्या वसाहतीत कोणते यंत्र किती दिवस बंद आहे, याची दुसरी वही भरावी. त्या दोन वह्या एकत्र मांडून महापालिकेच्या सभेत आणि विधिमंडळात प्रश्न विचारावा. आकड्यांवाचून केलेली मागणी भाषणापुरती उरते. आकडे हाती असलेल्या मागणीला उत्तर द्यावे लागते.

हिंजवडीत बसून जर्मनीच्या मोटारीचा गिअर कसा बदलावा हे ठरविता येते. त्याच रस्त्यावरून घरी जाणाऱ्या कामगाराच्या सायकलीला तीन गिअर देणे हे बुद्धीच्या दृष्टीने फार सोपे काम आहे. ते आजवर झाले नाही, कारण त्याची मागणी करणारा संघटित नाही. त्याला संघटित करणे हेच समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.